आधी डीपीला मीटर, मग दाराला

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या जिन्याखाली दोन मुले येऊन उभी राहिली. पाठीला सॅक, हातात टेस्टर आणि पकड, खोक्यात नवे कोरे मीटर. जुने उतरवायला पाच मिनिटे लागली, नवे चढवायला दहा. तळमजल्यावरच्या काकूंनी दारातूनच विचारले, "बाळा, यानं बिल वाढणार का रे?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "ते मला नाही माहीत काकू. आम्हाला दिवसाचा कोटा असतो, तेवढे बसवायचे." काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी पेपरात लिहितो, म्हणजे मला माहीत असणार असा त्यांचा समज. म्हणून हा आठवडा काकूंसाठी.

पहिली गोष्ट सरळ सांगतो. मला हे मीटर हवे आहे. पाणी कुठे मुरते हे मोजल्याशिवाय कळत नाही आणि विजेचेही तेच. पण मोजणी वरून खाली यायला हवी, धरणापासून नळापर्यंत. आपल्याकडे ती नळापासून सुरू झाली आहे. घरोघरी मीटर बदलायची घाई दिसते, पण गल्लीच्या तोंडावरच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, किती वीज आली आणि किती पोचली याचा हिशेब ग्राहकाला कोणी देत नाही. माझे भांडण आहे ते या उलट्या क्रमाशी.

मीटर करते काय ते आधी बघू. जुन्या काळच्या मीटरात ॲल्युमिनियमची चकती फिरायची. मग इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि महिन्यातून एकदा मोबाइलने आकड्याचा फोटो काढणारा माणूस आला. दार बंद दिसले की 'सरासरी' बिल, आणि सरासरी बिलाचे काय होते हे कोणत्याही भाडेकरूला विचारा. नवे 'स्मार्ट' मीटर दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवते, व्होल्टेज नोंदवते. ती माहिती सिमकार्डातून, नाहीतर शेजारच्या मीटरांची साखळी धरून रेडिओ लहरींनी कंपनीकडे जाते. यात एक सोय अशी आहे की तिच्यासाठी मी दहा मोर्च्यांत मीटरच्या बाजूने बोलेन. वीज गेली की आतल्या इवल्याशा कपॅसिटरमध्ये उरलेल्या शक्तीवर हे मीटर शेवटचा एक निरोप धाडते: इथली वीज गेली. परत आली की पुन्हा कळवते. म्हणजे रात्री दोन वाजता लागत नसलेल्या नंबरवर फोन करून "साहेब, लाइट गेलीय" म्हणायचे दिवस संपले पाहिजेत. आपण कूस बदलायच्या आत कंपनीला कळलेले असते.

मग भरपाई कुठे आहे?

केंद्राने २०२० साली वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. सेवेतली जी कसूर दूरवरून मोजता येते, तिची भरपाई ग्राहकाने अर्ज न करता आपोआप मिळावी, असे त्यांत लिहिले आहे. आजवर सबब होती की प्रत्येक घरची वीज किती वेळ गेली हे मोजणार कसे. आता मोजले जाते आहे. तरी माझ्या बिलावर वीज आकार आहे, स्थिर आकार आहे, वहन आकार आहे, आणि 'मागील महिन्यात आपली वीज इतके तास बंद होती, भरपाई वजा' अशी एक ओळ नाही. एका ओळीची जागा बिलावर सहज निघेल.

पुण्याच्या 'प्रयास' ऊर्जा गटाने तर स्मार्ट मीटरची वाटही पाहिली नाही. त्यांनी गावोगावच्या घरांत, दुकानांत प्लगला लावायची छोटी यंत्रे ठेवली, मिनिटामिनिटाचे व्होल्टेज नोंदवले आणि कोणालाही बघता येईल असे ते जाहीर केले. कुठे दिवा किती तास होता आणि किती मिणमिणता होता, सगळे उघड. एका संस्थेला जे जमले ते मीटर बदलण्याच्या लाखो कोटींच्या सरकारी योजनेला जमलेच पाहिजे.

आता डीपी. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरला कोणी ट्रान्सफॉर्मर म्हणत नाही, डीपीच म्हणतात. मामांच्या गावी मळ्याच्या कडेला एक आहे. पेटीचे दार कधीच गेलेले. फ्यूजच्या जागी जाड तार पिळलेली, कारण साधी तार टिकत नाही. पेटीखाली गाजरगवत. डीपीच्या अंगावरून तेलाचा काळा ओघळ खाली उतरलेला. मी लहानपणापासून तिचा घुमणारा आवाज ऐकत आलो आहे. तीन वर्षांपूर्वी गव्हाला तिसरे पाणी द्यायच्या वेळी तो आवाज बदलला. मामा म्हणाले, "ही जाणार." दुसऱ्या रात्री गेली. ६३ केव्हीएची डीपी. पाच एचपीचे दहा-अकरा पंप ओढले की तिचे पोट भरते. त्या रात्री तिच्यावर अठरा पंप होते.

पुढचे सगळ्या खेड्यांना पाठ आहे. वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज. "डीपी शिल्लक नाही." दरडोई वर्गणी. ट्रॅक्टरची ट्रॉली आपली, डिझेल आपले, उतरवायला माणसे आपली. तेराव्या दिवशी डीपी आली तोवर गहू चिमला होता. मामी मूठभर दाणे ओंजळीत धरून मला दाखवत होत्या. फुंकर मारली तर उडाले असते, असे हलके.

त्या डीपीवर एक मीटर असते तर? अतिभार आठवडाभर आधी दिसला असता. तीन फेजांपैकी एकीवरच ओझे पडते आहे हे दिसले असते. कोणीतरी चार पंप शेजारच्या डीपीवर टाकले असते, नाहीतर डीपी वाढवली असती. एक मीटर, एक सिमकार्ड. अठरा घरांचा गहू वाचला असता. स्मार्ट ग्रिड या भारदस्त शब्दाचा माझ्यासाठी अर्थ हा आहे. डीपी जळायच्या आधी कळले तर ती यंत्रणा शहाणी, जळल्यावर कळले तर ते मामांनाही कळते.

डीपीच्या मीटरचे दुसरे काम चोरी पकडण्याचे. गणित शाळकरी आहे. सबस्टेशनवरून फिडरमध्ये, म्हणजे तिथून निघणाऱ्या मुख्य वाहिनीत, शंभर युनिट सोडले. त्या फिडरवरच्या डीपींमध्ये मिळून त्र्याण्णव पोचले, म्हणजे वाटेत तारांनी सात खाल्ले. डीपीखालच्या सगळ्या घरांची बेरीज ऐंशी आली, म्हणजे खालच्या तारांची थोडी गळती सोडली तर ते तेरा युनिट तारेवरच्या आकड्यावर, छेडलेल्या मीटरवर गेले किंवा लिहिलेच गेले नाहीत. कोणत्या डीपीखाली ते तेरा आहेत हे कळले की तेवढीच गल्ली तपासायची. त्यासाठी आधी गावभर दाराला मीटर बदलायची गरज नाही. वरची दोन मीटरे लावा, चोर कोणत्या आळीत आहे ते कळेल. आज प्रामाणिक माणसाच्या दारात पहिल्यांदा मीटर येते, कारण तो दार उघडतो.

हा क्रम माझ्या मनचा नाही. केंद्राने १७ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचना काढली तिच्यातही फिडरला मीटर बसवण्याची मुदत सगळ्यांत आधीची, डिसेंबर २०२२ ची होती, आणि सर्वसाधारण ग्राहकाची सगळ्यांत शेवटची, मार्च २०२५ ची. हे काम ज्यातून होते ती सुधारित वितरण क्षेत्र योजना, जिला अधिकारी आरडीएसएस म्हणतात, तिचा आकार ३,०३,७५८ कोटी रुपयांचा. त्यात केंद्राचे ९७,६३१ कोटी. मार्च २०२५ पर्यंत देशात २५ कोटी मीटर बसवायचे ठरले होते. ती तारीख आली तेव्हा बहुसंख्य मीटर बसायचेच होते. मुदत चुकली याचा मला राग नाही, एवढ्या मोठ्या देशात चुकायचीच. राग याचा की या धांदलीत प्रत्येक जण घरोघरच्या मीटरांचा आकडा सांगतो आणि डीपीखालचा हिशेब जुळला का ते कोणीच सांगत नाही.

सगळ्यांत मोठे भोक तर वेगळेच आहे. या योजनेत शेतीपंपाला स्मार्ट मीटर नाही. महाराष्ट्रात लाखो पंपांना आजही मीटरच नाही, एचपीवर आकारणी होते. पंपांनी वर्षाला किती वीज ओढली हे मग अंदाजाने लिहायचे. अंदाज जिथे आला तिथे गळतीला आणि चोरीला लपायला जागा झाली. तीच वीज शेतकऱ्याच्या नावावर पडते आणि शहरातला माणूस म्हणतो, शेतकऱ्यामुळे माझे बिल वाढले. वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे हे म्हणणे वर्षानुवर्षे वीज नियामक आयोगापुढे मांडत आले आहेत. आता एप्रिल २०२४ पासून राज्याने साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली, ४४ लाखांवर शेतकऱ्यांना. बिल शेतकऱ्याला यायचेच नाही, तर त्याला मीटरची भीती कशाची? त्याच्या वतीने सरकार पैसे भरते, म्हणजे आपण भरतो. किती युनिटांचे भरतो ते मोजून सांगा. पंपाला नको असेल तर शेतीच्या डीपीला लावा. त्याने शेतकऱ्याच्या माथ्यावरचा डागही पुसला जाईल, आणि तो पुसणे मला मीटरइतकेच महत्त्वाचे वाटते.

मग घराला स्मार्ट मीटर हवेच कशाला, असे काकूंनी विचारले. त्याचे उत्तर सोलापूरपासून सुरू होते.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका ठेक्यात जोडले गेले. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी यंत्रे सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या एकाच तालात फिरतात. हा ताल ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राखायचा असतो. ओढणारे वाढले की ताल मंदावतो, ओढणारे एकदम सुटले की चढतो. तो किती नाजूक आहे हे त्याआधीच, ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, दिसले होते. बीना–ग्वाल्हेर वाहिनी तुटली, भार दुसऱ्या वाहिन्यांवर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातले साठ कोटींवर लोक अंधारात गेले. याच्या उलट ५ एप्रिल २०२०. रात्री नऊला नऊ मिनिटे दिवे मालवा, असे आवाहन झाले आणि देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली. दिवे मालवून आपण बाल्कनीत पणत्या लावत होतो. भारप्रेषण केंद्रांतल्या माणसांनी ती घसरण आणि नंतरची चढण जलविद्युत केंद्रे खालीवर करून पेलली. जाळे हलले नाही. त्या माणसांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांना आजही माझा नमस्कार.

आता या जाळ्यात सूर्य शिरला आहे. दुपारी वीज उतू जाते, संध्याकाळी सातला एकदम कमी पडते. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटला पोचली. दुपारची वीज साठवायची तर घाटघरसारखी केंद्रे हवीत, जिथे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडतात. तिथली क्षमता २५० मेगावॅट आहे. अशी अजून पुष्कळ लागतील, बॅटऱ्याही लागतील. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे आपणच काही कामे दुपारी उरकणे. कोणी कोणत्या तासाला वापर केला हे जुन्या मीटरला सांगता येत नाही, नव्याला येते. घराला हे मीटर हवे ते या कारणासाठी.

महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारे, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर झाली, पुढे ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाणार असे सांगितले गेले. चांगली गोष्ट आहे. पण ९ ते ५ घरात असते कोण? नवरा-बायको दोघे नोकरीला, मुले शाळेत. एका खोलीत राहणाऱ्या बाईचा पंखा आणि दिवा चालतो तो रात्री. तिला या सवलतीतून काय मिळणार? सवलत खरी कामाला येईल ती आजी-आजोबा असलेल्या घरात, घरगुती चक्कीवर दळण काढणाऱ्या घरात आणि सोसायट्यांत. आमच्या सोसायटीचा पंप रोज पहाटे सहाला आणि संध्याकाळी सातला सुरू होतो, कारण तो वीस वर्षांपूर्वी तसा लावला होता. साडेसात एचपीची मोटर नेमकी जाळ्याच्या अडचणीच्या वेळी फिरते. टाकीत एक दिवस पाणी जास्त भरून ठेवले तर ती दुपारी बारालाही फिरू शकते. वॉचमनच्या हातातले काम आहे. तुमच्या सोसायटीत पुढच्या रविवारी एवढे करून टाका.

आता प्रीपेड. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले की सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही. नंतर टीओडी मीटर या नावाने पोस्टपेड मीटर येऊ लागले. लोकांना यात फसवणूक वाटली, आणि वाटली हे मला समजते. कारण प्रीपेड की पोस्टपेड हे मीटरच्या पेटीत ठरत नाही. ते सॉफ्टवेअरमध्ये ठरते, आणि ती कळ आपल्या हातात नाही. आज पोस्टपेड आहे. उद्या ते बदलायचे ठरले तर आमच्या जिन्याखाली कोणालाही यावे लागणार नाही. म्हणून तोंडी आश्वासन पुरेसे नाही. ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय प्रीपेड होणार नाही, हे वीज नियामक आयोगाच्या आदेशात आले पाहिजे.

प्रीपेड सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे प्रीपेडवाल्याकडून सुरक्षा ठेव घेता येत नाही. रोजंदारीवरच्या भाडेकरूला शंभर रुपये टाकून आठवडा काढता येतो, महिनाअखेरीचा धसका नाही. पण त्याच कायद्याचे ५६ वे कलम काय सांगते? बिल थकले तरी वीज तोडायच्या आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे पंधरा दिवस गरिबाचे आहेत. त्यात तो उसनवारी करतो, साहेबाला भेटतो, हप्ते मागतो. शिल्लक शून्य झाली की मीटर आपोआप बंद पडत असेल तर हे पंधरा दिवस गेले. आणि यंत्र चुकले तर? उत्तर प्रदेशात १२ ऑगस्ट २०२० ला, जन्माष्टमीच्या दिवशी, एका चुकीच्या आज्ञेने लाखाहून अधिक स्मार्ट मीटर ग्राहकांची वीज एकदम तुटली. थकबाकी नव्हती त्यांचीही. तिथले मीटर बसवण्याचे काम त्यानंतर थांबवावे लागले. पूर्वी वीज तोडायला लाइनमनला शिडी लावून खांबावर चढावे लागायचे, आणि चढायच्या आधी घरातले आजारी माणूस त्याच्या डोळ्यांना दिसायचे.

ब्रिटननेही हे भोगले. २०२२-२३ च्या कडाक्यात तिथे थकबाकीदारांची मीटरे जबरीने प्रीपेडवर वळवली गेली, स्मार्ट मीटरची तर दुरूनच. बोभाटा झाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने ते थांबवले, आणि एप्रिलमध्ये संहिता आली: ८५ वर्षांवरच्या वृद्धांच्या घरी किंवा ज्यांचे प्राण वैद्यकीय उपकरणावर आहेत त्यांच्या घरी हे करायचे नाही. आपल्याकडे घरात ऑक्सिजन काँसन्ट्रेटर लावून झोपणारी माणसे कोविडनंतर गल्लोगल्ली आहेत. आपली यादी कुठे आहे?

माहितीचेही तसेच. अर्ध्या अर्ध्या तासाचा वापर बघितला की घर कधी उठते, कधी बाहेर जाते, कोण गावाला गेले आहे, सगळे कळते. नेदरलँड्समध्ये २००९ साली तिथल्या वरिष्ठ सभागृहाने याच कारणाने सक्तीच्या स्मार्ट मीटरला नकार दिला आणि सरकारला सक्ती सोडावी लागली. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. माझी माहिती कोणत्या कंपनीकडे किती वर्षे राहील, हे मीटर लावतानाच्या कागदावर छापायला काय हरकत आहे? आणि दुरून बंद करता येणारी कोट्यवधी मीटरे म्हणजे शत्रूसाठीही कोट्यवधी कळा. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांच्या संगणकांत घुसून सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली गेली. त्या सुरक्षेचा खर्च योजनेत शेवटी उरलेल्या पैशातून करायचा नसतो.

पैशांचे बोलू. मीटर फुकट आहे, असे सांगितले जाते. केंद्राचे अनुदान आपल्यासारख्या राज्याला मीटरमागे ९०० रुपये किंवा खर्चाच्या १५ टक्के, यांपैकी जे कमी ते. महाराष्ट्रातली कंत्राटे मीटरमागे सुमारे १२ हजार रुपयांची, बसवणे, संपर्क आणि अनेक वर्षांची देखभाल धरून. उरलेले अकरा हजार गळती कमी झाल्याने सुटतील, असा हिशेब आहे. सुटू शकतात. पण गळती कमी करायची तर आधी कळायला हवी ना? डीपीचा हिशेब लागला नाही, गळती तशीच राहिली, तर ते अकरा हजार दरवाढीच्या याचिकेतून आपल्याच बिलात येतील. दीर्घ मुदतीचा करार कोणाला किती वर्षे बांधून ठेवतो, हे दाभोळच्या वीजकरारानंतर महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको.

आणि फोटो काढणारा तो माणूस. आमच्या भागात येणारा मुलगा बारावी झालेला आहे, कंत्राटी, मीटरमागे काही रुपये. त्याला प्रत्येक इमारतीतला वाकडा जिना आणि प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव ठाऊक आहे. कोणत्या मीटरला बायपास केले आहे हेही बहुधा ठाऊक असते. अशा हजारोंना घरी बसवण्यापेक्षा डीपी तपासणीचे, फ्यूजपेट्या दुरुस्तीचे प्रशिक्षण द्या. खेडेगावात एका वायरमनकडे किती गावे असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

काकूंचा प्रश्न राहिला. बिल वाढणार का? जुने मीटर मंद झालेले असेल तर वाढेल, कारण चकतीच्या मीटराला रात्रभर लावलेला चार्जर आणि सेट-टॉप बॉक्स फारसे दिसत नसत. त्यात नव्या मीटरचा दोष नाही. पण शंका असेल तर स्वतः तपासा. माझ्या मीटरवर ३२०० इम्पल्स असे लिहिले आहे, म्हणजे एका युनिटला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातले सगळे बंद करून फक्त २००० वॅटचा गीझर लावला तर मिनिटाला साधारण १०७ वेळा लुकलुकला पाहिजे. मोबाइलवर एक मिनिट चित्रीकरण करा, मग सावकाश चालवून मोजा. मी काकूंसमोर मोजले, १०५ भरले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. सगळे बंद असताना दिवा लुकलुकत राहिला तर आधी घरातले वायरिंग तपासून घ्या.

आकडा फारच जुळत नसेल तर तुमच्या हातात कायदा आहे. ग्राहक हक्कांच्या नियमांतल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की पाच दिवसांत शेजारी दुसरे पडताळणी मीटर लावून किमान तीन महिने तपासणे कंपनीवर बंधनकारक आहे. आणि २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे, नव्या मीटरने जास्त भार दाखवला म्हणून मीटर बसण्याच्या आधीच्या काळाचा दंड लावता येत नाही. बसवणारी मुले हे सांगत नाहीत, त्यांनाही कोणी सांगितलेले नसते.

तेव्हा दोन कामे करा. मीटर बदलायला माणूस आला की त्याला पाणी विचारा आणि जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग त्याच्या हाताने कागदावर लिहून घ्या, फोटोही काढा. दुसरे काम थोडे मोठे आहे. येत्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या सभेत एवढाच ठराव करा: आमच्या डीपीला मीटर आहे का, असल्यास तिचे दर महिन्याचे रीडिंग आणि तिच्याखालच्या सर्व ग्राहकांची बेरीज आम्हाला लेखी द्यावी, नसल्यास आधी तिथे लावावे. खाली सह्या घ्या, अर्ज उपविभागीय कार्यालयात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.